विमानतळ सोनेगावचा, मग मैल दुबईचे कशाला?

नागपूरच्या प्रतापनगरातून एक पत्र आलंय. प्रश्न विमान कंपन्यांच्या मैलांचा आहे, म्हणजे प्रवास केला की खात्यात जमणाऱ्या आणि पुढे तिकिटासाठी वापरता येणाऱ्या गुणांचा. पत्र बरंच मोठं आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा देते.

“ताई, माझं वय ५४, यजमान ५७. मुलगी डॅलसला असते, नात दोन वर्षांची आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये आम्ही दोघं जातो. यजमान तीन आठवड्यांनी परत येतात, मी अडीच महिने राहते आणि एकटी परतते. ते मिहानमधल्या एका कंपनीत आहेत, महिन्यातून दोनदा मुंबई किंवा दिल्लीला विमानाने जातात. ठाण्याचा भाचा म्हणतो, एमिरेट्सचंच धरा, जगात भारी. ऑफिसातले मित्र म्हणतात, एअर इंडिया धरा, मागे स्टार अलायन्स हा विमान कंपन्यांचा मोठा गट आहे. माझे एमिरेट्सच्या खात्यात ११ हजार मैल जमलेत, म्हणून गेल्या वर्षी समृद्धीने ठाण्याला गेलो, एक रात्र राहिलो आणि मुंबईहून दुबईमार्गे डॅलस गाठलं. माझा गुडघा इतका सुजला की पहिले चार दिवस नातीला कडेवर घेता आलं नाही. तरी भाचा म्हणतो, आता सोडलंत तर जमवलेलं पाण्यात जाईल. कोणतं एक खातं धरू?”

ताई, तुमचं पत्र वाचताना मी त्या चार दिवसांपाशी थांबले. वर्षातून एकदा नात भेटते आणि त्यातले चार दिवस मैलांपायी गेले. त्यामुळे आधी हे स्पष्ट सांगते: मैल जमवण्यासाठी सातशे किलोमीटर गाडीने जाऊ नका. समृद्धीचा टोलच एकेरी चौदाशेच्या पुढे जातो. त्यात डिझेल, ठाण्याची रात्र आणि परतीचा तेवढाच खर्च धरलात, तर त्या फेरीत मिळालेल्या मैलांची किंमत कधीच वसूल होऊन वर काही शिल्लक राहात नाही. गुडघ्याचा हिशेब तर मी धरलेलाच नाही.

आता भाच्याबद्दल. तो चुकीचं सांगत नाही. तो ठाण्याला राहतो. त्याच्या घरापासून मुंबईचं टर्मिनल दोन तासांच्या आत आहे, तिथून दुबईला रोज विमानं आहेत आणि दुबईहून डॅलसला थेट विमान आहे. त्याच्यासाठी एमिरेट्सचं खातं अगदी योग्य आहे. ऑफिसातले मित्रही चुकत नाहीत. मुलगी नेवार्क, शिकागो किंवा सॅन फ्रान्सिस्कोला असती, तर तिथे युनायटेड या अमेरिकी कंपनीचा मोठा तळ आहे, युनायटेड आणि एअर इंडिया दोन्ही स्टार अलायन्समध्ये आहेत, आणि मीही तुम्हाला दिल्लीमार्गे एअर इंडियाच सुचवली असती. पण तुम्ही नागपूरच्या आहात आणि मुलगी डॅलसला आहे. कोणती योजना चांगली, हे या दोन टोकांवरून ठरतं. जाहिरातीतल्या खुर्चीवरून ठरत नाही.

म्हणून पुढच्या वेळी यजमान मुंबईहून उशिरा उतरले की त्यांना सोनेगावच्या विमानतळावरचा फलक नीट वाचून यायला सांगा. मुंबई, दिल्ली, पुणे, बंगळुरू, हैदराबाद या ओळी असतील, त्यांत बहुतेक इंडिगो. आणि आठवड्यातल्या काही रात्री त्या ओळींमध्ये एक वेगळी ओळ येते: दोहा, कतार एअरवेज. तुमच्या पत्रात या ओळीचा कुठे उल्लेखच नाही आणि मला त्याचंच नवल वाटलं. घरापासून वीस मिनिटांवरून एक विमान सुटतं, ते दोह्याला जातं आणि दोह्याहून त्याच कंपनीचं विमान थेट डॅलसला उतरतं. मध्ये बदल एकच.

मी वीसेक वर्षं पुण्यात लोकांची तिकिटं काढून दिली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, वडीलधाऱ्यांच्या प्रवासात ‘एकच बदल’ या दोन शब्दांना फार मोल असतं. अमेरिकेत शिरताना जिथे पहिलं विमान उतरतं, तिथेच इमिग्रेशन होतं. तिथे पट्ट्यावरून स्वतःच्या बॅगा उचलायच्या, कस्टममधून बाहेर यायचं आणि पुढचं विमान असेल तर बॅगा पुन्हा द्यायच्या. दिल्लीहून शिकागोला उतरून पुढे डॅलसला जायचं म्हटलं, की हा सगळा खटाटोप शिकागोला, झोप नसताना आणि घड्याळाकडे बघत करावा लागतो. दोह्याहून गेलात की तुमचं पहिलं उतरणंच डॅलसचं. नागपूरच्या काउंटरवर बॅगेला जो कागदी टॅग लावतात, तो निघण्याआधी वाचून घ्या. त्यावर मोठ्या अक्षरांत डीएफडब्ल्यू, म्हणजे डॅलसच्या विमानतळाची खूण, असलं पाहिजे. तसं असेल तर संत्रा बर्फी आणि सावजी मसाल्याची ती बॅग तुम्हाला थेट डॅलसच्या पट्ट्यावरच भेटेल आणि बाहेर मुलगी उभी असेल.

मुंबईहून जाणाऱ्यांची आणखी एक अडचण, जी भाच्याला कधी भोगावी लागणार नाही. अमेरिकेच्या तिकिटावर साधारण २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात. पण नागपूर–मुंबई हे तिकीट तुम्ही वेगळं काढलंत, तर देशांतर्गत इकॉनॉमीत १५ किलोच धरून चालायचं. उरलेल्या वजनाचे पैसे काउंटरवर मोजा. वर ही दोन तिकिटं एकमेकांना ओळखत नाहीत. नागपूरचं विमान तीन तास उशिरा सुटलं आणि दुबईचं हुकलं, तर दुबईवाले जबाबदारी घेत नाहीत. मे महिन्यात एका मावशींना असं टर्मिनलवर रात्र काढताना मी पाहिलंय. कधी मुंबईमार्गे जाणं भागच पडलं, तर नागपूर ते डॅलस हे सगळं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.

म्हणजे विमान ठरलं. आता खातं.

इथे बहुतेकांचा एक गोंधळ होतो. आपण ज्या विमानात बसतो ती कंपनी वेगळी आणि आपले मैल ज्या वहीत लिहिले जातात ती वही वेगळी असू शकते. एका गटातल्या कंपन्या एकमेकींच्या वहीत नोंद करू देतात. असे मोठे गट तीन: १९९७ साली सुरू झालेला स्टार अलायन्स, १९९९ चा वनवर्ल्ड आणि २००० चा स्कायटीम. एअर इंडिया २०१४ पासून स्टारमध्ये आहे. कतार २०१३ पासून वनवर्ल्डमध्ये आहे. एमिरेट्स तिन्हींपैकी कशातच नाही, इंडिगोही नाही. आणि आता बघा, वनवर्ल्ड ज्यांनी सुरू केला त्यांत अमेरिकन एअरलाइन्स होती. तिचं मुख्यालय फोर्ट वर्थला, आणि तिचा सगळ्यात मोठा तळ म्हणजे डॅलस. तुमच्या घरून निघणारी परदेशी कंपनी आणि तुमच्या मुलीच्या घरची कंपनी एकाच गटातल्या निघाल्या. असा योग सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, ताई. पुण्याच्या वाचकांना मी इतकं सरळ उत्तर देऊच शकत नाही.

तर तुम्ही दोघांनी कतारच्या प्रिव्हिलेज क्लब या मैल योजनेचं खातं उघडा. पैसे लागत नाहीत. तिथल्या मैलांना आव्हिओस म्हणतात. ब्रिटिश एअरवेजमध्येही हेच चलन चालतं आणि दोन खाती जोडून आव्हिओस इकडून तिकडे नेता येतात. कुटुंबाची खाती एकत्र करायचीही सोय आहे. ती जरूर करा, म्हणजे यजमानांचे थोडे आणि तुमचे थोडे असे दोन डब्यांत पडून राहणार नाहीत. तीन वर्षांत खात्यात काहीतरी जमा-खर्च झाला पाहिजे, नाहीतर आव्हिओस जातात. तुम्ही दरवर्षी जाता, तेव्हा ती काळजी नाही.

मुलीला मात्र वेगळं सांगा. तिने अमेरिकन एअरलाइन्सचं अ‍ॅडव्हांटेज खातं धरावं. ही १९८१ मध्ये सुरू झालेली योजना आहे, आणि तिच्या शहरातून तिला कुठेही जायचं झालं तरी बहुतेकदा अमेरिकनचंच विमान सोयीचं पडणार. अमेरिकेत त्या कंपनीची क्रेडिट कार्डंही आहेत. किराणा आणि पेट्रोलच्या खर्चावर तिथे जे मैल जमतात, तेवढे आपल्याला वर्षातून एकदा उडून कधी जमणार नाहीत. आणि त्या मैलांवर कतारच्या विमानाचं तिकीट निघतं. स्वतःच्याच नावाचं हवं असंही नाही, आईच्या नावाने निघू शकतं. मैलांवरच्या जागा थोड्या असतात आणि साधारण अकरा महिने आधी खुल्या होतात. तुम्ही एप्रिलमध्ये जाता, तर मुलीने आदल्या मे महिन्यापासूनच बघायला लागावं. मुलीने कार्डाच्या मैलांवर आईला नागपूरहून बोलावलं, अशी तिकिटं मी काढून दिली आहेत. त्या आया काउंटरवर ते तिकीट कसं हातात धरून उभ्या असायच्या, ते मला अजून आठवतं.

तुम्हीही तुमचे मैल अमेरिकनच्याच वहीत का लिहू नयेत, असं कुणीतरी सुचवेल. लिहिता येतात. पण तुमची तिकिटं स्वस्तातल्या वर्गाची असतात. बुकिंगवर इकॉनॉमीच्या शेजारी एक इंग्रजी अक्षर छापलेलं असतं, तो भाड्याचा वर्ग. स्वस्त अक्षरांना दुसऱ्या कंपनीच्या वहीत अनेकदा अगदी थोडे मैल पडतात, कधी शून्य. स्वतःच्या वहीत निदान काहीतरी पडतं. शिवाय दोन वेगळ्या देशांतली खाती सांभाळण्यापेक्षा तुमची एकत्र आणि तिची वेगळी, हेच सोपं जाईल.

गोल्ड कार्डाचा, म्हणजे खूप उडणाऱ्यांना कंपनी देते त्या वरच्या दर्जाचा, मोह मात्र सोडा. कतारमध्ये हा दर्जा क्यूपॉइंट या वेगळ्या गुणांवर ठरतो; गोल्डला ३०० लागतात, सिल्व्हरलाच १५०. इकॉनॉमीने वर्षातून एक फेरी करणाऱ्याला ते जमण्यासारखं नाही. स्टार अलायन्समध्ये तरी काय वेगळं? लाउंज आणि जादा बॅग ही सुखं तिथे गोल्डपासून सुरू होतात. सिल्व्हरला प्रतीक्षा यादीत थोडं पुढे ढकलतात, एवढंच. म्हणून ‘कार्ड मिळेल’ या आशेने एक रुपयाही जास्त देऊ नका. तुम्हाला फायदा मिळणार तो मैलांतून आणि घराजवळून निघण्यातून.

यजमानांचा हिशेब साफ निराळा आहे. महिन्यातून दोन फेऱ्या म्हणजे वर्षाला चोवीस, आणि नागपूरहून त्यातल्या बहुतेक इंडिगोनेच होणार. इंडिगो पॉइंट देत नाही हे जुनं झालं. २०२४ पासून तिची ब्लूचिप योजना आहे. तिकीट कंपनीने काढलं तरी पॉइंट प्रवाशाला मिळू शकतात, त्यासाठी बुकिंगमध्ये त्यांचा क्रमांक टाकलेला हवा. तो ऑफिसात तिकिटं काढणाऱ्या माणसाला एकदाच देऊन ठेवायचा. एवढं करायचं राहून गेल्यामुळे वर्षानुवर्षं काहीच न मिळालेली किती तरी माणसं मी पाहिली आहेत. एअर इंडियाच्या महाराजा क्लब या मैल योजनेचं खातं असेल, तर तेही बंद करू नका. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची एकाच दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली होती, आणि नागपूरसारख्या गावात एकाच कंपनीवर अवलंबून असणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. वेळ जुळली की दिल्लीला कधीमधी एअर इंडियाने जावं, खातं हलतं राहील.

भाच्याच्या ‘पाण्यात जाईल’ या वाक्याबद्दल मला कळकळीने बोलायचंय, कारण त्या वाक्याने माझंही नुकसान झालंय. मी पुण्यात राहून बरीच वर्षं अशा एका कंपनीचे मैल जमवले जिचं विमान पुण्याला येतच नसे. प्रत्येक वेळी आधी मुंबई. इतके जमले, आता सोडू नये, असं म्हणत राहिले. आईला घेऊन जायचं ठरवलं, एका रविवारी सकाळी चहा घेत खातं उघडलं, तर आदल्या महिन्यात मुदत संपून निम्म्याहून जास्त गेलेले. आईला मी नेलं, पण पुढच्या वर्षी आणि पूर्ण पैसे भरून. तेव्हापासून मी मैल साठवत नाही, वापरते. आणि मुदत तर आपल्या चुकीने संपते, कंपन्याच बंद पडतात त्याचं काय? २०१२ च्या ऑक्टोबरात किंगफिशर थांबली. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, जिच्या मैलांवर मुंबई-पुण्याची कितीतरी घरं सुट्ट्या आखत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तिथे पॉइंट निदान नव्या खात्यात आले, पण ज्या सेवेसाठी लोकांनी ते जमवले ती कंपनी राहिली नाही. मैल म्हणजे मुदत ठेव नव्हे, त्यावर व्याज चढत नाही. उलट तिकिटाला लागणाऱ्या मैलांचा आकडा कंपनी वाटेल तेव्हा वाढवते.

विमानतळाचंही तेच. गोव्यातल्या मडगाव-वास्कोच्या मंडळींना दाबोळीहून दोहा गाठता येत असे. जून २०२४ मध्ये कतारने आपलं विमान मोपाच्या नव्या विमानतळावर नेलं आणि त्यांचा घरचा विमानतळच बदलला. नागपूरच्या दोहा विमानाच्या वारांतही फरक पडू शकतो. म्हणून वर्षातून एकदा, तिकीट काढण्याआधी, तो फलक नव्याने वाचायचा आणि बदल असेल तर खातंही बदलायचं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझं माहेर अमरावतीचं. तिथल्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून मुंबईला विमान जातं, तरी परदेशासाठी माझ्या भावाला मी अजून सोनेगावच सांगते.

किमतीत फरक पडला तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. दोह्याचं तिकीट माणशी दहा-बारा हजारांनी महाग असेल, तर डोळे मिटून दोहाच घ्या. ठाण्याची फेरी तेवढं खातेच. पंचवीस-तीस हजारांचा फरक असेल तर तारखा चार दिवस पुढे-मागे करून बघा. नागपूरचं विमान रोज नसल्यामुळे अनेकदा वार बदलला की भाडंही उतरतं.

खातं उघडताना नावाकडे फार लक्ष द्या. आपल्या बायकांच्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात अनेकदा स्वतःचं आणि नवऱ्याचं अशी दोन नावं असतात आणि आडनाव खाली वेगळ्या रकान्यात. खातं फक्त आपल्या नावाने आणि तिकीट पासपोर्टप्रमाणे दोन्ही नावांनी, असं झालं की मैल अडकतात. पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. प्रवास झाला की बोर्डिंग पासचा फोटो काढून ठेवा आणि खात्यात आव्हिओस दिसेपर्यंत पुसू नका. नाही आले, तर मागणी करायची मुदत काही महिन्यांचीच असते आणि त्या वेळी तो पासच दाखवावा लागतो.

तुमच्या ११ हजार मैलांसाठी आज एवढंच करा: एमिरेट्सच्या खात्यात मुदतीची तारीख बघा, तीन वर्षांचा नियम आहे. एवढ्यात मुंबई–डॅलस निघणार नाही. भाचा दुबईला जाणार असेल, तर त्याच्या तिकिटात सवलत म्हणून ते वापरता येतात का, हे त्यालाच बघायला सांगा. त्याच्या उपयोगी पडले तर पाण्यात गेले असं होणार नाही, आणि त्याचंही समाधान होईल.

आणि येताना तुम्ही एकट्या असता, म्हणून एक काम तिकीट काढतानाच करा. जाताना आणि येताना, दोन्ही वेळेला व्हीलचेअर मागून ठेवा. पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, असं सांगायचं. तिकिटावर त्यासाठी डब्ल्यूसीएचआर अशी नोंद होते, ती झाली का ते बघून घ्या. दोह्याला एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत पुष्कळ चालावं लागतं, आणि परतीचं विमान नागपूरला अपरात्री उतरतं. खुर्ची ढकलणारा माणूस बॅगाही पट्ट्यावरून उतरवून देतो. यजमानांना बाहेर गाडी घेऊन यायला सांगा, वीस मिनिटांत घरी.